पांढरी सूज

लाल झाला नाही, तापला नाही,
नुसता वाढत गेला राग्नफ्रीडचा गुडघा
त्या हिवाळ्यात,
आणि वरची मांडी वाळत चालली,
जणू तिच्याच ताटातलं कुणी खात होतं.

दिवसा ती लंगडायची, हसायची.
रात्री झोपेतच किंचाळायची.
एका गादीवर आम्ही दोघी. मी तिला हलवायचे,
ती डोळे उघडून विचारायची,
"काय झालं गुड्नी? तू का रडतेस?"
सकाळी तिला काही आठवायचं नाही.

मार्चमध्ये बोटीनं डॉक्टर आले.
हातमोजे काढले, हात चुलीशी शेकले,
मग तिच्या गुडघ्याला लावले.
"पांढरी सूज," म्हणाले.
नवं नाव सांगितलं तर आई घाबरेल म्हणून
जुनं सांगितलं.
आई जुन्यालाच घाबरली.

मग विचारलं, गाई किती?
एकच, बाबा म्हणाले. दागरोस.
तिच्यासारखं दूध फ्योर्डच्या दोन्ही काठांना मिळायचं नाही.

समुद्रकाठच्या इस्पितळात तीन वर्षं.
उघड्या व्हरांड्यात ओळीनं खाटा,
पायाला दोरी, दोरीला कप्पी,
कप्पीखाली वाळूची पिशवी.
पत्रात लिहायची:
आज पिशवीत वाळू वाढवली.
आज माशाचं तेल सांडलं, मुद्दाम.
आज शेजारची सिग्ने घरी गेली.
(घरी म्हणजे कुठे,
ते आई पुन्हा पुन्हा वाचून बघायची.)
आज ऊन होतं.

इकडे पशुवैद्य आला.
शेपटीखाली सुई टोचून गेला,
तिसऱ्या दिवशी येऊन ती जागा चिमटीत धरली
आणि टोपी काढली.
दागरोसला बाबांनी स्वतः नेलं गोठ्यामागे.
गळ्यातली घंटा आधी सोडून घेतली,
आत गवत कोंबलं, वाजू नये म्हणून.
आईनं बादली उकळत्या पाण्यानं घासली,
दुसऱ्या दिवशी पुन्हा घासली,
मग फ्योर्डमध्ये फेकून दिली.

परत आली तेव्हा चौदाची होती.
बोलण्यात किनाऱ्यावरच्यांचा घोगरा र,
आणि एक पाय ताठ:
हाडाला हाड सांधून दिलेलं, कायमचं.
वाकणं गेलं त्याबरोबर दुखणंही गेलं.
चर्चमध्ये वेदीच्या कठड्याशी सगळे गुडघे टेकायचे,
ही बाकावर, पाय पुढे काढून.
पाद्री प्याला घेऊन तिच्यापर्यंत वाकत यायचे.
"देवाला यावं लागतं माझ्याकडे," म्हणायची,
आणि आई तिला कोपरानं ढोसायची.

बटाटे तिनं बसल्या बसल्या सरकत काढले.
बसमध्ये लोक तिच्या पायाला अडखळले,
त्यातल्या एकाशी लग्न केलं,
त्याला पुरून माझ्याकडे राहायला आली.
गुडघे टेकणं म्हणजे हार मानणं, म्हणतात.
तिला ती सोयच नव्हती.

टेकते मी.
रोज सकाळी, तिच्या खुर्चीपुढे,
ताठ पायाच्या बुटाची नाडी बांधायला.
गावात म्हणतात, बहीण असावी तर अशी.

त्या हिवाळ्यात मला
कोमट दुधाचा वास सोसायचा नाही.
फेसावर कधी गाईचा केस तरंगायचा.
आई चुलीकडे वळली की
मी माझा पेला राग्नफ्रीडपुढे सरकवायचे.
ती दोन्ही प्यायची, घटाघटा,
पांढरी मिशी तशीच ठेवून मला हसवायची.
डॉक्टरांनी गाई विचारल्या.
पेले कुणी विचारले नाहीत.

एका पेल्यानंही झालं असतं,
एका घोटानंही, असं मी पुढे कुठेतरी वाचलं.
दोनदा वाचलं, आणि पुस्तक
वाचनालयात परत देऊन आले.

"घट्ट नको," ती वरून म्हणते.
मी गाठ सोडते, पुन्हा बांधते.
उठताना आता माझेच गुडघे वाजतात.
"म्हातारी झालीस गं," म्हणते,
आणि हात पुढे करते,
मला वर ओढायला.